शिलिंगभर बीथोवन

दुसऱ्या महायुद्धाची पुस्तकं वाचणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. एक रणगाडे मोजणारा, दुसरा शिधापत्रिका मोजणारा. मी दुसऱ्यातला. लंडनवर बॉम्ब पडत असताना माणसं जेवत काय होती, जीव कशात रमवत होती, हे मला रणनीतीच्या नकाशांपेक्षा जास्त खुणावतं. या नादातच मायरा हेस भेटली आणि मग तिनं पिच्छा सोडला नाही.

प्रस्तावना चार ओळींत उरकतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि ब्रिटिश सरकारनं नाटकगृहं, सिनेमागृहं, मैफलींचे हॉल सगळ्यांना एकदम टाळं लावलं. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समध्ये रवाना झाली होती आणि भिंती बोडक्या पडल्या होत्या. मायराबाई तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या, पियानोवादनात मोठं नाव. ठरलेला अमेरिका दौरा त्यांनी रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं, इथे अधूनमधून दुपारची मैफल करू का? क्लार्क म्हणाले, अधूनमधून कशाला? रोज करा.

१० ऑक्टोबर १९३९, दुपारी एक. तिकीट एक शिलिंग. कोणी फिरकलंच नाही तर दुसऱ्या कलाकाराची फजिती नको, म्हणून पहिल्या दिवशी मायराबाई स्वतःच बसल्या. हजाराच्या आसपास माणसं आली. त्या दिवशी बीथोवनचा ‘अपासिओनाता’ सोनाटा सुरू झाला तो क्षण क्लार्कना आयुष्यभर पुरला. आत्मचरित्रात त्यांनी तसं लिहून ठेवलंय.

हा उपक्रम १० एप्रिल १९४६ पर्यंत चालला. किती मैफली झाल्या? काही ठिकाणी १,९६८ असा आकडा छापलेला सापडतो, काही ठिकाणी १,६९८. कागद-पेन्सिल घेऊन बसलं की निकाल लागतो. साडेसहा वर्षं म्हणजे ३३९ आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे १,६९५ च्या घरात. तेव्हा १,६९८ हाच आकडा खरा. दुसरीकडे कोणीतरी नऊ आणि सहा यांची अदलाबदल केली आणि पुढच्यांनी ती निमूटपणे उतरवून घेतली. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. आठवड्याचे पाच दिवस, बॉम्बवर्षावाच्या काळातसुद्धा, खाडा जवळजवळ नाहीच. एकूण श्रोते ८,२४,१५२.

या मैफलींबद्दल लिहिणारे धीर, आशा, आत्मा असले शब्द फार वापरतात. मला मात्र त्यांच्या यशाचं गमक हिशेबाच्या वहीत दिसतं. मानधन सगळ्यांना सारखं, पाच गिनी. गिनीचे एकवीस शिलिंग, म्हणजे एका वादकाचं मानधन १०५ तिकिटांत सुटायचं. नाव मोठं म्हणून जास्त नाही, नवखा म्हणून कमी नाही. मायराबाई स्वतः पैसे घेत नसत. उरलेली रक्कम अडचणीतल्या संगीतकारांच्या मदतनिधीला जाई. डिसेंबर १९४२ मध्ये कॅथलीन फेरिअर नावाची एक गायिका लंडनमध्ये पहिल्यांदा गायली ती इथेच. तिचं नाव पुढे जगभर झालं. आपल्याकडच्या संगीत महोत्सवांत मुख्य कलाकाराचं पाकीट आणि तानपुऱ्यावरच्या मुलीचं पाकीट यांतलं अंतर ज्यांनी पाहिलंय, त्यांना या पाच गिनींचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि कँटीन! इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. ते लेडी गेटर यांनी स्वयंसेविकांच्या बळावर चालवलं. जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर गेली होती. तरी इथल्या मध-बेदाण्यांच्या सँडविचची कीर्ती शहरभर होती. पुढे विनोदी अभिनेत्री म्हणून गाजलेल्या जॉइस ग्रेनफेल इथे राबत आणि अमेरिकेतल्या आईला पत्रांतून हकिकती कळवत. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा खाल्लेल्या कुठल्याही मराठी माणसाला कळेल, लोक नुसत्या बीथोवनसाठी रोज येत नसतात. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पोटाला काही मिळतं, शेजारी आपल्यासारखंच रात्रभर जागलेलं कोणी बसलेलं असतं आणि घड्याळात एक वाजला की कोणीतरी वाजवायला बसतं. रात्री काय होईल याची खात्री नव्हती. दुपारी एकची होती.

सप्टेंबर १९४० पासून हल्ले वाढले, तशी मैफल तळघरात उतरली. ऑक्टोबरात गॅलरीत एक न फुटलेला टाइमबॉम्ब सापडला. श्रोत्यांना दूरच्या दालनात नेलं, बीथोवनचं चतुष्टक सुरू झालं आणि मध्येच बॉम्ब फुटला. कोणाला इजा झाली नाही. वादकांनी वाजवणं थांबवलं नाही.

जर्मन, म्हणजे शत्रूचं संगीत कसं वाजवता, हा प्रश्न उठणारच होता. १९१४ च्या युद्धात लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाग्नरची रात्र रद्द करून पाहिली होती. श्रोत्यांना ते रुचलं नाही आणि वाग्नर परत आला. मायराबाई स्वतः ज्यू. हिटलरच्या राज्यात त्यांना पियानोला हात लावू दिला नसता. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत बाख, बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स ठासून भरले. याहून सणसणीत उत्तर मला तरी सुचत नाही.

युद्ध संपलं, चित्रं परत आली आणि इथे खटका उडाला. मैफली कायम चालाव्यात अशी मायराबाईंची इच्छा होती. विश्वस्तांना दालनं मोकळी हवी होती. क्लार्क तोवर पायउतार झाले होते. विश्वस्तांचंच चाललं आणि ते बाईंच्या मनाला फार लागलं. चित्रसंग्रहालयानं चित्रांसाठी भिंती मागाव्यात यात गैर काही नाही. पण साडेसहा वर्षं ज्यांनी त्या इमारतीत माणसं आणली, त्यांच्यासाठी एवढ्या मोठ्या वास्तूत एक दालन राखता आलं असतं. विश्वस्त चुकले, असंच माझं मत आहे.