मेंदूतली दिवाळी

वसईच्या किल्ल्याजवळच्या पाचूबंदरात माझे एक तांडेल स्नेही आहेत. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे बसलो असतानाच त्यांच्या नातवाला फेफरे आले. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी म्हणे बाहेरचे काही आहे. दोन मिनिटांत झटके थांबले. पोराला कुशीवर निजवून तांडेल म्हणाले, "मास्तर, अशा वेळी डोक्यात होते तरी काय? कोणी पाहिलेय का?"

"माशाच्या डोक्यात पाहिलेय," मी म्हणालो. जन्म दर्यावर गेलेले ते गृहस्थ माझ्याकडे पाहतच राहिले!

पण वाचकहो, गोष्ट खरी आहे. जाळ्यात आली की कोळी जिला वैतागून फेकून देतात, त्या जेलीफिशपासून ती सुरू होते. प्रशांत महासागरातल्या अशाच एका जेलीफिशमधून ओसामू शिमोमुरा यांनी हिरवे चकाकणारे प्रथिन मिळवले. ती माहिती १९६२ साली प्रसिद्ध झाली. २००१ साली जुनिची नाकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून एक चतुर दिवा घडवला. मज्जापेशी कामाला लागली की तिच्यात कॅल्शियम शिरते, आणि कॅल्शियम भेटताच हा दिवा उजळतो.

दिवे लागले, पण पाहायचे कसे? पेशीचा संदेश सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात उरकतो. दिवा थोडा रेंगाळतो, एवढेच नशीब. एकेक पेशी पाहत बसावे तर तोवर खेळ आटोपतो. प्रकाश वाढवावा तर जिवंत पेशी होरपळते. यावर तोड निघाली ती अशी: बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा सोडायचा, वरून अख्ख्या थराचे छायाचित्र घ्यायचे, की पडदा पुढच्या थरावर. २०१३ साली अमेरिकेत मीशा आरेन्स व फिलिप केलर यांनी झेब्रा माशाच्या पिल्लाचा जवळजवळ सारा मेंदू दर १.३ सेकंदांनी असा टिपला. सुमारे एक लाख पेशींतल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशी सुट्या दिसल्या! पिल्लू काचेसारखे पारदर्शक, त्यामुळे डोके उघडावे लागले नाही. आणि हा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांत आढळणारा!

अशा पिल्लांना विशिष्ट द्रव्य देऊन फेफऱ्यासारखे झटके आणता येतात. मग एरवी इथेतिथे लुकलुकणारे दिवे लाटेसारखे एकदम पेटत जातात. ती लाट कोठून उठते, कोणत्या औषधाने ओसरते, हे आता डोळ्यांनी पाहता येते.

तांडेलांनी सारे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "म्हणजे पोराच्या अंगात काही शिरले नव्हते?"

"नाही. दिवे एकदम पेटले, इतकेच. डॉक्टरांकडे न्या, आणि गोळ्या चुकवू नका."

दुसऱ्याच दिवशी ते नातवाला घेऊन गेले. यंदा भेटलो तेव्हा गोळ्यांची डबी त्यांच्याच खिशात होती. वेळ झाली की ते पोराला हाक मारतात, "ये रे, दिवे सांभाळायची वेळ झाली!"