वावडे, अपचन आणि तपासणीचा अहवाल

अन्नाची तक्रार सांगताना वऱ्हाडातील जुनी माणसे शब्द नेमके वापरीत. एखाद्याला दूध 'पचत नाही', दुसऱ्याला हरभऱ्याची डाळ 'बाधते', तर तिसऱ्याच्या अंगावर शेंगदाणे खाताच 'गांधी उठतात'. आज हे सारे भेद 'ॲलर्जी' या एकाच शब्दात बुडून गेले आहेत. घरी येऊन रक्ताचा नमुना नेला जातो आणि शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी मोबाईलवर येते. लाल रकान्यात दूध, गहू, तूर दिसले की धास्तावलेली आई त्याच दिवसापासून मुलाच्या ताटातील एकेक जिन्नस कमी करू लागते.

जैन कुटुंबांत ही गोष्ट अधिक जपून पाहायला हवी. अंडी, मांस, मासे ताटात नसतातच. अनेक घरांत कंदमुळेही वर्ज्य. प्रथिनांचा सारा भार डाळी, दूध, शेंगदाणे आणि सुकामेव्यावर असतो. ब-१२ जीवनसत्त्वाचा तर दूध व दुधाचे पदार्थ हाच मुख्य नैसर्गिक आधार. अशा आहारातून आणखी काही वगळायचे, तर त्यास भक्कम कारण हवे.

दोन निराळ्या गोष्टी

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. मराठीत त्याला 'वावडे' हा सुरेख शब्द आहे. वावड्यात शरीराची संरक्षण यंत्रणा निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते. १९६० च्या दशकात शोध लागलेले 'आयजीई' हे प्रतिपिंड त्यामागे बहुधा असते. अशा वेळी कणभर पदार्थही पुरतो आणि त्रास काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत सुरू होतो. गांधी, ओठांना सूज, उलट्या ही त्याची लक्षणे. घसा आवळणे, श्वास कोंडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही झाल्यास तपासणीचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते.

न पचणे ही निराळी बाब आहे. तेथे प्रश्न पचनाचा आणि प्रमाणाचा असतो. अर्धा कप दूध चालते, मोठा पेला चालत नाही. पोट फुगते, जुलाब होतात; परंतु जिवाला धोका नसतो.

अहवाल काय सांगतो

वावड्यासाठी दोन चाचण्या मान्य आहेत. पहिलीत हाताच्या त्वचेवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलके टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. त्यापूर्वी सर्दी-खाजेच्या काही गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस थांबवाव्या लागतात. दुसरी चाचणी रक्तातील त्या-त्या पदार्थाविरुद्धच्या आयजीईची. तिच्यासाठी या गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत.

मात्र दोन्ही चाचण्या एवढेच सांगतात की शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे. खाल्ल्यावर त्रास होतोच, असे त्या सांगत नाहीत. बंगळूर व म्हैसूर परिसरातील प्रौढांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. लक्षणांशी ताळा केल्यावर वावड्याची शक्यता उरली ती केवळ १.२ टक्क्यांत. व्यापारी माणसाला हे सहज कळेल: खतावणीतील आकडा मूळ व्यवहाराशी जुळत नसेल तर त्यावरून ताळेबंद मांडता येत नाही. म्हणूनच शंका उरल्यास अंतिम निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात तो पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून केला जातो. घरी हा प्रयोग करू नये.

बाजारात लोकप्रिय असलेल्या अनेक लांबलचक याद्या 'आयजीजी' या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या असतात. जे आपण नेहमी खातो, त्याविरुद्ध हे प्रतिपिंड निरोगी माणसातही तयार होते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अन्नाच्या त्रासाच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे सांगितले. शिवाय ज्या घरात मासळी कधी शिजतच नाही, तेथे मासळीच्या तपासणीचे पैसे कशासाठी मोजावेत?

दूध आणि गहू

दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर अनेकांत वयाबरोबर कमी होते. ते ओळखण्यासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी आहे. अशा माणसांना दही-ताक बहुधा सोसते. सारे दुग्धजन्य पदार्थ सोडण्याची गरज क्वचितच पडते. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध-दही सुटते. त्या काळात पोट शांत राहिले आणि पुढे दूध सुरू होताच पुन्हा फुगले, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मात्र तेल, तूप, साखरही त्याच दिवसांत सुटलेली असते. म्हणून हा पुरावा नव्हे, केवळ धागा आहे.

गव्हाची गोष्ट याहून गंभीर. सिलिअॅक या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरालाच इजा होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा तुटवडा पडला तेव्हा ही आजारी मुले सुधारली, आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली. त्यावरून डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरील संशय दृढ झाला. निदानासाठी प्रथम रक्ताची विशिष्ट चाचणी आणि गरजेनुसार दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन तपासणी करतात. मात्र तपासणीपूर्वीच गहू बंद केला तर खरा आजारही अहवालात दिसत नाही. तेव्हा आधी तपासणी, मग पथ्य.

आजार सिद्ध झाल्यास गहू व जव आयुष्यभर वर्ज्य. अशा वेळी वऱ्हाडची ज्वारीची भाकरी हा मोठाच आधार; ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ यांत हे ग्लुटेन नसते. दळण मात्र वेगळे हवे. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंगाला मान असतो; परंतु तयार हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणून वेष्टन वाचूनच तो घ्यावा. पाकिटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांचा उल्लेख करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे.

आधी रोजमेळ

रक्त देण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एक वही ठेवावी: काय खाल्ले, किती, केव्हा, आणि किती वेळाने काय झाले. डाळमिलच्या किंवा कापसाच्या धुळीने येणाऱ्या शिंकांचीही वेगळी नोंद करावी, कारण त्याचा दोष ताटातल्या डाळीला देता येत नाही. ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. कोणती तपासणी हवी आणि मुळात हवी का, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल; पुढे नागपूरला तज्ज्ञाकडे जावे लागले तरी हीच वही उपयोगी पडेल.

वर्ज्य करणे आपल्या घरांना नवे नाही. पण वाढत्या मुलाचे दूध किंवा डाळ केवळ एका लाल रकान्यासाठी सोडवणे हा त्याग नव्हे, ते त्याचे नुकसान आहे.