विषय आणि प्रश्न

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले, की वेळवंडीच्या पात्रातील कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. भोरचा एखादा विद्यार्थी ते पाहून येतो आणि कॉलेजच्या प्रकल्पवहीवर मथळा घालतो, 'भाटघर धरण : एक अभ्यास'. मग आठ दिवस शोधतो. माहितीचा ढीग जमतो, पण लिहावयाचे काय ते कळत नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. त्याने विषय घेतला; प्रश्न घेतलाच नाही.

आम्ही कॉलेजात शिकलो नाही. हा धडा आम्हांस कामगारांच्या मागण्या लिहिताना मिळाला. आमच्या पहिल्या मागणीपत्रात आम्ही लिहिले होते, 'पगार पुरत नाही.' समोरच्या अधिकाऱ्याने विचारले, "कोणाचा? केव्हापासून? कशाच्या मानाने?" आम्ही निरुत्तर झालो. पुढल्या खेपेस तीन वर्षांच्या पगारचिठ्ठ्या आणि महागाईचा निर्देशांक शेजारी शेजारी मांडला, तेव्हा कोठे बोलणी सुरू झाली.

हेच तीन प्रश्न धरणास लावून पाहू. 1928 साली पुरे झालेल्या या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे आणि उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे जाते. मग जमीन गेली त्यांचे काय? 'धरणाचा फायदा काय?' हा प्रश्न फार मोठा झाला. त्याऐवजी असे विचारावे : 'धरणाच्या बांधणीपासून 1948 साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत, बुडीत गेलेल्या एका गावच्या कुटुंबांना जमिनीच्या मानाने काय मिळाले?' यात माणसे आली, काळ आला आणि तुलनाही आली.

आता शोध. एकाच वस्तूस अनेक नावे असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. आपण भाटघर म्हणतो. इंग्रजी कागदांत ते लॉइड धरण आहे. त्याआधीच्या, एकोणिसाव्या शतकातील धरणाच्या तलावास लेक व्हाइटिंग म्हणत. आता जलाशयास येसाजी कंकांचे नाव आहे. नदी कोठे वेळवंडी, कोठे येळवंडी. ज्याच्या हाती लेखणी, त्याने आपल्या सोयीचे नाव लिहिले. म्हणून सर्व नावांची यादी वहीच्या पहिल्या पानावर करावी आणि ग्रंथालयात काय, मोबाईलवर काय, एकेक नाव घालून पाहावे.

तरीही पाटबंधाऱ्यांच्या कागदांत मुख्यतः पाणी, दगड आणि खर्च सापडेल. माणसे शोधावयाची तर धरणाचे नाव सोडून गावाचे नाव धरावे : जमिनीच्या जुन्या नोंदी, फेरफार, घरातील जपून ठेवलेले कागद आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावे. कोणते नाव कोठे, कोणत्या दिवशी शोधले आणि काय मिळाले, याची नोंद असावी. काही मिळाले नाही, तीही नोंदच. आपल्या मताविरुद्धचा पुरावा मुद्दाम शोधावा, कारण आपण शोधला नाही तर समोरचा शोधून आणतो. पुरावा अपुरा पडला तर प्रश्न आणखी लहान करावा, उत्तर फुगवू नये.

एवढे कशासाठी, गुण तर कात्रणे चिकटवूनही मिळतात, असे कोणी म्हणेल. पण ज्या मुलास आज नेमके विचारता आले, त्यास उद्या आपला मोबदला, आपला पगार, आपला हक्क कोणी मोघम उत्तराने गुंडाळू शकत नाही.