जीपच्या आंसास वेल्डिंगनें बळकटी देतांना

डोंगरपट्टींतील व काळ्या रानांतील आमच्या कित्येक वाचकांजवळ जुन्या जीपा आहेत. नाल्यांतून व शेतवाटांनीं खताच्या गोण्या आणि पाण्याचीं पिंपें नेण्याकडेच त्यांचा उपयोग अधिक होतो. अशा गाडीचा मागील आंस कालांतरानें मध्यें खचतो, टायर आंतल्या कडेस झिजूं लागतात, आणि मग कोणी तरी सांगतो कीं, वरून एक जाड पट्टी वेल्डिंगनें बसवून टाका, म्हणजे काम झालें. लहान वेल्डिंगयंत्रें हल्लीं शेतकऱ्याच्या घरींही आलीं असल्यामुळें हें काम स्वतः करून पाहण्याची इच्छा होणें साहजिक आहे. त्या इच्छेस आमचा विरोध नाहीं. परंतु पहिल्या खेपेस आम्हीं स्वतः एक आंस बिघडविला आहे, म्हणून चार शब्द सांगणें अवश्य वाटतें.

प्रथम आंस वांकतो कसा हें ध्यानांत घ्यावें. गाडीचें ओझें पाट्यांवाटें आंसाच्या नळीस खालीं दाबतें, व टोकांशीं असलेलीं चाकें तिला वर उचलून धरतात. त्यामुळें नळी खालच्या अंगास ताणली जाते, वरच्या अंगास आखडते, आणि दोन्ही टोकें वर जातात. वर बसविलेली कमान या आखडण्यास विरोध करते. एवढेंच तिचें काम. आतां वेल्डिंगचा गुण पाहा. एक मीटर लांबीचें पोलाद शंभर अंश तापलें तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढतें व निवतांना तितकेंच आखडतें. वेल्डिंगच्या जागीं तर तें दीड हजार अंशांवर वितळलेलें असतें. नळीच्या वरच्या अंगास सलग वेल्डिंग केलें कीं तें अंग निवतांना आखूड होतें आणि टोकें वर ओढलीं जातात. म्हणजे ज्या वांकास अडवावयाचें, तोच वांक आपण आपल्या हातानें आंसांत घालतों, व वर कमान ठोकून तो कायमचा करून ठेवतों!

आमचें नेमकें हेंच झालें. एका सकाळींत दोन्ही अंगांचें वेल्डिंग उरकून आम्ही मोठ्या समाधानानें जेवावयास गेलों. पंधरा दिवसांच्या आंत दोन्ही ऑइल सीलांतून तेल पाझरून ब्रेकवर उतरलें. त्या दिवशीं गाडी रिकामी होती व उतार लहान होता, म्हणूनच आज हें लिहीत आहों.

ज्यास हें खरें वाटत नसेल त्यानें फूटभर लांबीची लोखंडी पट्टी घ्यावी, तिच्या एकाच अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगची रेघ ओढावी, आणि निवल्यावर ती फरशीवर ठेवून पाहावी. रेघेच्या बाजूस टोकें उचललेलीं दिसतील. नवशिक्यानें असे तुकडे पुष्कळ करावे, ते शेगड्यांत आवळून हातोड्यानें मोडावे, व सांधा कोठें तुटतो तें पाहावें. आंसाची पाळी त्यानंतर.

आंस गाडीवरून उतरवून शाफ्ट काढावे, तेल गाळावें, आणि जागा घासून पांढरें लोखंड दिसूं द्यावें. तो आधींच वांकलेला असेल तर प्रथम कारखान्यांत दाबयंत्रावर सरळ करून घ्यावा. कमान वांक काढीत नाहीं. मग टोकांच्या सपाट चकत्यांस मीटरभर लांबीची सरळ पट्टी एकेक उभी आवळावी, आणि दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या टोकांमधील व खालच्या टोकांमधील अंतर मोजून लिहून ठेवावें. वरचें अंतर कमी होऊं लागलें कीं आंस वांकत आहे असें समजून तेथेंच थांबावें. आंस जाड गर्डरवर, मध्यें ठोकळा ठेवून व टोकें किंचित् खालीं ओढून, साखळ्यांनीं आवळला तर अधिक बरें.

कमान अगोदर ठिकठिकाणीं नुसती टाचावी. नंतर बोटाच्या दोन पेरांएवढीच रेघ ओढावी, ती उजवीकडे असेल तर पुढची डावीकडे, पुढच्या अंगास असेल तर नंतरची मागच्या अंगास. आणि नळीस हात लावतां येईपर्यंत वाट पाहावी. पाणी ओतून निववूं नये, त्यानें पोलाद ठिसूळ होऊन चिरतें. सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीस ३.१५ मिलिमीटरचा रॉड व शंभर ते सव्वाशें अँपिअर प्रवाह बहुधा पुरतो. ७०१८ जातीचा रॉड मजबूत खरा, पण पावसाळ्यांत ओल धरलेला वापरल्यास सांध्याच्या पोटांत चिरा पडतात. कमानीचीं टोकें उतरतीं करावीं, आणि नळीभोंवतीं आडवें कडें कदापि वेल्ड करूं नये. आंस पुढें मोडतो तो बहुधा तेथेंच.

मधला फुगीर भाग पुष्कळ जीपांत बिडाचा ओतीव असतो व पोलादी नळ्या त्यांत दाबून बसविलेल्या असतात. बीड तापवून, निकेलच्या रॉडनें सांधून, राखेंत हळूहळू निववावें लागतें. तें नवशिक्याचें काम नव्हे. त्यानें कमान त्या भागावरून पूल घातल्याप्रमाणें न्यावी व दोन्हीकडे नळीसच सांधावी. पुढच्या आंसाच्या, चाकें वळविणाऱ्या टोकांस हात लावूं नये. ट्रॉलीच्या आंसाच्या चाकाकडील खांद्यावरही वेल्डिंगचा ठिपका पडूं देऊं नये.

काम कडब्याच्या गंजीपासून व जनावरांपासून दूर करावें. मुखवट्यावांचून एक क्षणही ठिणगीकडे पाहूं नये, रात्रभर डोळ्यांत वाळू खुपते. कमान बसविल्यानें गाडीची ओझें वाहण्याची मर्यादा वाढत नाहीं. शाफ्ट व बेअरिंगें जुनींच राहतात. गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यावयाची असल्यास असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत बसतो कीं नाहीं, हें परिवहन कार्यालयांत अगोदर विचारावें.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर, व पुढें दर महिन्यास, गाडीखालीं निजून कमानीच्या टोकांशीं माती पुसून पाहावी. पुसल्यावरही तेलाची बारीक रेघ पुन्हां उमटली तर ती चीर समजावी, व गाडी जागची हलवूं नये.