दोन विमानतळांतील अंतर व प्रवासाचा वेळ

माजरी जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्या पाहत वाढलेल्या मुलास अंतर म्हणजे रुळांची लांबी वाटते. नागपूर ते मुंबई हा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे. विमानाने हेच अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. विमानास भुसावळचा वळसा नाही की कसाऱ्याचा घाट नाही.

हवाई अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढण्याची सवय अनेक वर्गांत आढळते. जवळच्या शहरांपुरती ती चालते. दूरच्या शहरांसाठी फसवते. मुंबई व न्यूयॉर्क ह्यांमध्ये सपाट नकाशावर रेघ ओढली, तर ती अरबस्तान व उत्तर आफ्रिका ओलांडून जाते. पृथ्वीगोलावर ह्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो रशिया, नॉर्वे व आइसलँड ह्यांवरून जाईल. गोलावरील हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्यास बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. मग तोच दोरा विषुववृत्तावर ठेवावा. विषुववृत्ताचा पूर्ण फेरा सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्रैराशिकाने दोऱ्याचे अंतर साडेबारा हजारांच्या आसपास येते. पृथ्वीगोल कपाटावर धूळ खात असल्यास तो खाली घेण्यास ह्याहून चांगले निमित्त नाही.

वेळेचे गणित नागपुरापासूनच सुरू करावे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई व ती परत फिरत. ती सेवा आता इतिहासजमा झाली, पण उदाहरण म्हणून उत्तम आहे. कलकत्ता नागपुरापासून सुमारे ९८० किलोमीटर. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरल्यास, मुंबईच्या विमानाबरोबर पोहोचण्यासाठी कलकत्त्याच्या विमानाने किती आधी निघावे? उत्तर तासाहून थोडे अधिक येते.

विद्यार्थी खरा चुकतो तो घड्याळात. हिवाळ्यात मुंबईहून सकाळी ७ वाजता निघालेले विमान लंडनला तेथील साडेअकरा वाजता उतरले असे मानू. मुलगा वजाबाकी करून साडेचार तास सांगतो. वजाबाकी बरोबर, उत्तर चूक. कारण लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते. प्रवास दहा तासांचा झाला. परत येताना दुपारी १ वाजता निघालेले विमान मुंबईस पहाटे साडेतीनला पोहोचते. घड्याळावर साडेचौदा तास, प्रत्यक्षात नऊ. जाण्यायेण्यातील हा एक तासाचा फरक मुख्यत्वे वाऱ्याचा आहे: सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते जाताना समोरून, तर येताना पाठीमागून लागतात.

पडताळ्यासाठी साडेचार व साडेचौदा ह्यांची बेरीज करवून निम्मे करण्यास सांगावे. घड्याळांचा फरक आपोआप गळून साडेनऊ तास ही सरासरी उरते. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ एक तास पुढे करतात. त्या महिन्यांत फरक साडेचार तासांचा धरावा.