आधी संसार, मग जात, मग ख्रिस्त

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दुकाने, दवाखाने आणि क्लासेस यांची दाटी आहे. गाडी लावायला जागा शोधणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते की हे शरणपूर एके काळी गावाबाहेरची वेगळी वस्ती होती. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली. ख्रिस्ती झालेल्या माणसाला घरचे दार बंद, विहीर बंद, रोजगारही बंद. त्याने जायचे कुठे, या रोकड्या प्रश्नाचे ते उत्तर होते. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस तिथला कारभार पाहत.

याच वस्तीत आफ्रिकन मुलेही वाढली. अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जात असताना इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही मुले नाशकात सुतारकाम, लोहारकाम शिकली. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या शेवटच्या मोहिमेवर नाशिकच्या शाळेतले नऊ जण बरोबर घेतले. पुढे इथेच शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत तिला हात लावून उभा राहिला. गोदाकाठी शिकलेल्या पोराची ही कथा नाशिककरांना शाळेत कुणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

पण मिशनच्या वहीत माणसाच्या बाप्तिस्म्याची तारीख मिळते. त्या तारखेआधी त्याच्या घरात काय काय मोडले आणि काय जुळले, ते मिळत नाही. ते एका बाईने लिहून ठेवले, आणि ती बाईही नाशिकचीच. लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात सोवळे-ओवळे होते म्हणणे फारच सौम्य झाले. त्यांच्या आईच्या वडिलांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, नानांना, विटाळाच्या भीतीने पछाडले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मीठसुद्धा. धुतलेल्या मिठाचे काय उरत असेल ते उरो, पण बायको-मुलांचे हाल कुत्रा खात नव्हता. लक्ष्मीबाई हे सगळे पुढे इतक्या हसतखेळत सांगतात की वाचणाऱ्याला आधी हसू फुटते आणि मग मन चरकते.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी त्यांची गल्लत अजूनही होते. हे टिळक कवी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेले. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, नोकरी टिकत नसे आणि रागही टिकत नसे. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचन वाचले आणि टिळक त्यात गुंतत गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराच्या कथा बहुधा इथेच संपतात. पुस्तक, प्रकाश, पाणी. पण टिळकांना प्रकाश दिसला तेव्हा घरी बायकोपुढे अंधार पसरला होता. पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही. नवरा बाटला, म्हणून सवाशीणही धड नाही. नातलगांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले, काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. पाचेक वर्षे अशी गेली. शिव्याशाप देऊन मोकळे होणे सोपे होते. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही, आणि टिळकांच्या मागोमाग धर्मही बदलला नाही. मन मोडले होते, पण कुणाच्या सांगण्याने वळणारे ते मन नव्हते.

शेवटी त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण अटी घालून. चूल वेगळी, पाणी वेगळे, देव वेगळे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात. शेजारपाजारच्या दोन्ही धर्मांच्या लोकांना हे नाटकच वाटले असणार. मला मात्र हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातले फार मोठे पान वाटते. नवऱ्याचा संसार त्यांनी स्वीकारला, त्याचा देव नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. त्या काळातल्या नवऱ्याच्या मानाने ही काही लहान गोष्ट नव्हे.

खरी उलथापालथ नगर जिल्ह्यातल्या राहुरीत झाली, आणि गंमत म्हणजे तिच्यात येशूचे नाव जवळजवळ नाहीच. एका रात्री त्यांना झोप लागेना. मनात एकच प्रश्न घोळत राहिला: जात देवाने केली की माणसाने? जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखे, हाडामांसात फरक नाही. मग हा भेद देवाचा कसा? उजाडेपर्यंत त्यांचा निकाल लागला होता. सकाळी त्यांनी टिळकांना सांगून टाकले की आजपासून मी कुणाच्याही हातचे खाईन, पिईन. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरच्या लेकीने हे म्हणावे! त्यांचा बाप्तिस्मा राहुरीतच, 1900 मध्ये, झाला. पण माझ्या मते त्या बदलल्या त्या झोप न लागलेल्या रात्रीच. नंतरचे पाणी हे त्यावरचे शिक्कामोर्तब.

श्रद्धा म्हणजे विचाराला दिलेली सुट्टी, असे मानणाऱ्यांनी आणि विचार करणाऱ्याला श्रद्धेची गरज नाही, असे मानणाऱ्यांनीही ती रात्र वाचावी.

पुढचे आयुष्य कामाचे होते. संवत 1956 च्या (1899-1900) दुष्काळातली अनाथ मुले त्यांनी घरात घेतली, प्लेगच्या छावणीत शुश्रूषा केली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांच्या नगरच्या घरात राहिले. त्यासाठी त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, 1912 पासून 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर त्यांची गाणी म्हटली जातात. देव बदलला तरी टाळ बदलायचे कारण नाही, ही त्यांची धारणा होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्येच ओवीत छापले गेले होते, म्हणजे टिळकांची वाट अगदीच अनवट नव्हती.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाई काही वर्षे कराचीला मुलाकडे राहिल्या आणि अखेर नाशिकला आल्या. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून देवदत्तने, पूर्वीच्या दत्तूने, आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. पहिला भाग 1934 मध्ये निघाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने मराठी गद्यातले पहिल्या रांगेतले आत्मचरित्र लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशकातच त्यांचे निधन झाले. पुढे विजया मेहता यांनी 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर 2017 मध्ये आले.

'स्मृतिचित्रे' सगळ्यांना ठाऊक, 'ख्रिस्तायन' फारसे कुणी उघडत नाही. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे हे महाकाव्य टिळकांनी सुरू केले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. नवऱ्याच्या ज्या देवापासून लक्ष्मीबाईंनी चूल वेगळी ठेवली होती, त्याच्यावर त्यांनी पुढचे 64 अध्याय रचले. शेवटचा अध्याय देवदत्तने लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून झाला.