यंत्र बंद, वेग मात्र ५०!

मोटारीच्या दांड्यावर ६० दात्यांचे लोखंडी चाक बसवा. दात्यांसमोर, मिलिमीटरभर अंतर ठेवून, चुंबकावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे धरा. दाता पुढून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्स्पंद उमटतो. दाते ६०च का? मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५. त्याला ६० ने गुणा, पुन्हा १५००! म्हणजे सेकंदात मोजलेले स्पंद हेच मिनिटाचे फेरे.

एकदा मी हे वेटोळे साध्या लांब तारांनी गणकाला जोडले. मोटार बंद, तरी गणक ५० दाखवीत बसला. कारण ओळखलेत? आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तारांनी तीच टिपली होती.

पीळ दिलेल्या, धातूच्या जाळीने वेढलेल्या तारा घेतल्या, जाळी एकाच टोकाला जमिनीशी जोडली आणि गणकाआधी श्मिट ट्रिगर बसवला. ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकाला हे मंडल १९३४ मध्ये, विद्यार्थिदशेत, माकुळाच्या चेतातंतूंचा अभ्यास करताना सुचले. दाब वरच्या मर्यादेपलीकडे गेला की ते ‘चालू’ होते आणि खालच्या मर्यादेखाली उतरल्यावरच ‘बंद’. मधली थरथर मोजली जात नाही.

मात्र वरची मर्यादा फार उंच ठेवू नका. वेग घटला की स्पंदाचा दाबही घटतो. चाक सावकाश फिरत असते आणि गणक म्हणतो शून्य! त्यावर विसंबून कारखान्यात कोणी यंत्रात हात घातला तर? मंद वेगासाठी म्हणूनच हॉल परिणामावर चालणारा संवेदक घेतात. त्याच्या स्पंदाची उंची वेगावर अवलंबून नसते. तरीही हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचाच.